वांड आहे, की लक्षच टिकत नाही? मुलांमधला एडीएचडी कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका आईनं विचारलंय: मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. शाळेतल्या बाई आठवड्याला वहीत शेरा पाठवतात, की लक्ष नसतं, जागेवर बसत नाही, लिहिणं अर्धं सोडतो. घरी अर्ध्या तासाच्या गृहपाठाला दोन तास जातात. पण मोबाइलवर गेम लावला की तासभर हलत नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही असाच वांड होता, मोठा झाला की सुधारेल. शेजारच्या ताई म्हणतात, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असेल, दाखवून घ्या. यातलं खरं काय, ओळखायचं कसं आणि दाखवायचं कुणाला?

मोबाइलपासून सुरुवात करू, कारण बहुतेक घरांत गाडी तिथंच अडते. "गेम खेळताना लक्ष असतं, म्हणजे अभ्यासात मुद्दामच करतो" असा अर्थ काढला जातो आणि पोरगं मार खातं. गेममध्ये दर दोन-चार सेकंदाला काहीतरी नवं घडतं, आवाज येतो, गुण वाढतात. लक्ष धरून ठेवायचं काम तिथं गेमच करतो. दहा ओळी शुद्धलेखन लिहिताना तसं कुणी धरून ठेवत नाही. कंटाळा आला, मन भरकटलं, की ते परत वहीवर आणायचं काम मुलाला स्वतः करावं लागतं. एडीएचडीत अडचण नेमकी या ठिकाणी असते. त्यामुळं मोबाइलवर बसतो यावरून एडीएचडी नाही असं ठरत नाही, आणि आहे असंही ठरत नाही. हाच न्याय डॉक्टरांच्या खोलीला लावा. नवी जागा, अनोळखी माणूस, सगळ्यांची नजर आपल्यावर, अशा वेळी बरीच मुलं वीस मिनिटं शहाण्यासारखी बसतात. "इथं तर शांत बसलाय की" एवढ्यावर कुणी तुम्हाला परत पाठवत असेल तर ती तपासणी अपुरी आहे.

सासूबाईंचं निरीक्षण मात्र टाकून देऊ नका. एडीएचडी कुणाला होतो आणि कुणाला नाही, यातल्या फरकाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिकतेचा असतो, असं जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं. "बापही असाच होता" हे वाक्य काळजी सोडून देण्यासाठी नसून डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे. मुलाच्या वडिलांना शांतपणे विचारा: शाळेत वर्गाबाहेर किती वेळा उभे राहिलात, परीक्षेत येत असलेलं सोडून आलात का, आजही गाडीची किल्ली रोज शोधावी लागते का, वीजबिलाची तारीख चुकते का. राहिलं "मोठा झाला की सुधारेल". पळापळ, चढाचढ ही बाहेरून दिसणारी चंचलता वयात येईपर्यंत बरीच कमी होते हे खरं, पण विसरणं, काम अर्धवट सोडणं, वेळेचा अंदाज न येणं हे पुष्कळांत टिकून राहतं. आणि मधल्या सहा-सात वर्षांत मुलाला "मी ढ आहे, मी वाईट आहे" हे पाठ झालेलं असतं. ते नंतर पुसणं औषधापेक्षा अवघड जातं.

लक्ष-कमतरता म्हणून हे निदान १९८० साली नावारूपाला आलं. १९८७ मध्ये नावात अतिचंचलता जोडली गेली आणि एडीएचडी हे नाव रूढ झालं. आज डॉक्टर ज्या निकषांवर बोट ठेवतात ते अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेतले आहेत. त्यात लक्षाची नऊ लक्षणं आहेत आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलात कोणत्याही एका गटातली किमान सहा लागतात, तीही सहा महिने सलग, आणि त्या वयाच्या मानानं जास्त. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असली पाहिजेत आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. त्यानं मुलाचं खरोखर नुकसान होत असलं पाहिजे आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं ते सगळं समजावता येत नसलं पाहिजे.

लक्षाची नऊ लक्षणं आपल्या घरात अशी दिसतात. येत असलेल्या गणितात बेरजेची वजाबाकी करतो. खेळात असो की अभ्यासात, हातातलं काम लांबलं की सुटतं. समोर उभं राहून बोललं तरी कानावर न पडल्यासारखं करतो. "दप्तर ठेव, हातपाय धू, डबा मोरीत टाक" यातलं पहिलं होतं, बाकीची दोन हवेत जातात. दप्तरात मागच्या आठवड्याची पोळी, वह्यांचे कोपरे दुमडलेले, कुठल्या विषयाची वही कुठली ते कळत नाही. लिहायचं म्हटलं की पोटात दुखतं. महिन्यात तीन कंपास, दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक स्वेटर हरवतो. वर्गाबाहेरून कुणी गेलं की मान तिकडं वळते. रोजची गोष्ट रोज आठवण करून द्यावी लागते, अगदी दात घासायचीही.

दुसऱ्या गटातली लक्षणं सगळ्यांना दिसतात म्हणून त्यांच्यावर जास्त बोललं जातं: हातापायांची चुळबुळ, वर्गात उठणं, नको तिथं चढणं-पळणं, शांतपणे खेळताच न येणं, आत मोटार बसवल्यासारखं सतत फिरणं, अखंड बडबड, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, पाळी येईपर्यंत न थांबणं, दुसऱ्याच्या बोलण्यात-खेळण्यात घुसणं. पहिल्या गटातलीच सहा असतील तर मूल मुळीच चंचल नसूनही एडीएचडी असू शकतो, हे लक्षात ठेवा. पुढं मुलींबद्दल लिहिताना याची गरज लागेल.

आता "वांड" आणि "लक्ष न टिकणारं" यातला फरक. मुद्दाम करणारं मूल बहुतेक वेळा करण्याआधी तुमच्याकडं एक नजर टाकतं. त्याला नियम आठवत असतो, तो मोडल्यावर काय होईल याचा अंदाज असतो आणि किंमत वाढली की ते थांबतं. एडीएचडी असलेलं मूल ठरवूनही विसरतं. आवडत्या गोष्टीतही त्याचं नुकसान होतं: स्वतःच्या वाढदिवसाच्या चिठ्ठ्या वाटायला विसरतं, क्रिकेटमध्ये फील्डिंगला उभं असताना मातीत रेघोट्या काढतं, झाल्यावर मनापासून वाईट वाटून घेतं आणि दुसऱ्या दिवशी तेच. शिक्षा वाढवली तर वागणं दोन दिवस बदलतं, मग मूळ पदावर येतं. अर्थात दोन्ही एकाच मुलात असू शकतं. वर्षानुवर्षं ओरडा खाल्लेलं मूल हट्टी होतं, उलट उत्तरं देतं, आणि मग त्या हट्टाखाली मूळ अडचण झाकली जाते.

घरी एक छोटी तपासणी करा. तीन पायऱ्यांची सूचना जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन, एकदाच द्या. मग म्हणा, "मी काय सांगितलं ते मला सांग बघू." तीनही गोष्टी नीट सांगता आल्या पण दुसऱ्यापाशी काम सुटलं, तर ऐकू आलं होतं, मध्येच धागा तुटला. सांगताच आलं नाही, तर एकतर सूचना डोक्यात राहत नाही किंवा नीट ऐकू येत नाही. दुसऱ्या शक्यतेसाठी कान तपासावेच लागतात.

याहून जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे नोंदवही. शंभर पानी वही घ्या आणि चौदा दिवस लिहा. त्यात "आज खूप त्रास दिला", "अजिबात ऐकलं नाही" असं लिहू नका. त्यातून डॉक्टरांना तुमचा थकवा कळतो, मुलाचं वागणं कळत नाही. नोंद अशी हवी:

"मंगळवार. ६:१० ला बसवलं. काम: हातच्याच्या बेरजा ८. ६:१३ पेन्सिल पडली, टेबलाखाली गेला, तिथं खोडरबर सापडला, त्याच्याशी खेळत बसला. ६:१७ हाक मारून वर आणलं. दोन बेरजा बरोबर. ६:२१ बाहेर रिक्षा थांबली, खिडकीत. ६:२४ परत. तिसऱ्या बेरजेत हातचा विसरला, चौथीत वरच्या ओळीचा आकडा खाली उतरवताना चुकला. ६:२९ पाणी प्यायला उठला, ६:४० पर्यंत आला नाही, आजीच्या ताटलीतले शेंगदाणे सोलत होता. ६:४० ते ६:५२ मी शेजारी बसले, उरलेल्या चारही झाल्या, चारही बरोबर. एकूण हाका ५. दुपारी झोप नाही. रात्री ११ ला झोपला."

या एका नोंदीत खूप काही आहे. गणित येतं, कारण आई शेजारी असताना चारही बरोबर आले. बैठक तीन-चार मिनिटांत मोडते. चुका समजेच्या नाहीत, निसटण्याच्या आहेत. आणि शेवटच्या ओळीत झोपेचा प्रश्न दिसतो. चौदा दिवसांत रविवार येऊ द्या, एखादा लग्नाचा किंवा पाहुण्यांचा दिवस आला तर त्याची वेगळी खूण करा. गृहपाठाबरोबर जेवण, आंघोळ, शाळेची तयारी यांच्याही दोन-चार नोंदी हव्यात. तुलना करायची तर त्याच इयत्तेतल्या, शक्यतो त्याच वयाच्या मुलाशी करा. एकाच वर्गात जवळजवळ वर्षाचं अंतर असलेली मुलं बसतात, आणि वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांना एडीएचडीचं लेबल जास्त लागतं, असं अनेक देशांत दिसून आलंय. आठ वर्षांच्या मुलाला साडेआठ-नऊच्या मोजपट्टीनं मोजणं हा त्याच्यावर अन्यायच. चार वर्षांच्या आतल्या मुलांबाबत तर मी निदानाच्या भाषेतच बोलणार नाही. त्या वयात चंचलता हाच स्वभाव असतो.

वह्या चाळा. हे काम पालक करत नाहीत आणि त्यातच सगळ्यात जास्त सापडतं. मराठीची वही उघडा. एकच शब्द पहिल्या ओळीत बरोबर आणि सहाव्या ओळीत वेलांटी सोडून लिहिलेला आहे का? फळ्यावरून उतरवताना मधली एखादी ओळच गाळली आहे का? पान वरती सुवाच्य आणि खाली जाईल तसं अक्षर पसरत, शिरोरेषा तुटत गेली आहे का? हे सगळं लक्ष निसटल्याचं लक्षण. उलट एकाच प्रकारची चूक प्रत्येक वेळी असेल, जोडाक्षरं आणि रफार कायम चुकत असतील, वाचताना अक्षर-अक्षर लावत असेल, पण तोच धडा तुम्ही वाचून दाखवल्यावर सगळी उत्तरं तोंडी येत असतील, तर अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन-लेखनाच्या अडचणीचा संशय घ्यायचा. वाचताच येत नसलेल्या मुलाचं पुस्तकात लक्ष कसं राहणार? बऱ्याच मुलांत हे दोन्ही एकत्र असतं, आणि एकच शोधून थांबलं तर उपचार अर्धे राहतात. अध्ययन अक्षमतेची औपचारिक चाचणी साधारण आठ वर्षांनंतर करतात, म्हणजे तुमच्या मुलाचं वय त्याला योग्य आहे.

दोन ठिकाणं म्हणताना फक्त घर आणि शाळा धरू नका. शिकवणीच्या बाई, तबल्याचे गुरुजी, फुटबॉलचे प्रशिक्षक यांना विचारा. आपल्याकडं तालमीत जाणारी मुलं असतात. वस्तादांना विचारा की डाव सांगताना हा शेवटपर्यंत ऐकतो का, जोडी लागेपर्यंत थांबतो का, की मध्येच दुसऱ्याच्या जोडीत घुसतो. त्यांना एडीएचडी हा शब्द सांगायची गरज नाही. फुटबॉलमध्ये चेंडू दूर असताना आपली जागा सोडून भटकणं आणि चेंडूमागं जीव तोडून पळणं हे अगदी ठळक दिसतं. फक्त शाळेतच त्रास असेल आणि बाकी सगळीकडं मूल ठीक असेल, तर आधी शाळेत काय चाललंय ते बघा: कुणी चिडवतंय का, फळा दिसतो का, शिकवण्याची भाषा समजते का. हा शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. घरी पूर्ण मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर मूल वर्गात दिवसभर न कळणारे आवाज ऐकत बसतं. कुणाचं लक्ष लागेल? मराठीत गोष्ट सांगा, मराठीत सूचना द्या, आणि लक्ष टिकतं का ते बघा.

फक्त घरीच त्रास असेल तरी तोच नियम. घरातली भांडणं, धाकट्याचा जन्म, वडिलांची बदली, आजोबांचं जाणं, यानंतर अचानक सुरू झालेली चंचलता हा एडीएचडी नव्हे. एडीएचडी एका महिन्यात उगवत नाही. मागं वळून बघितलं तर बालवाडीपासूनच्या खुणा सापडतात.

मुलींबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसलेली, वेणीचं टोक चाळवणारी, बाईंना कधीही त्रास न देणारी मुलगी वर्षानुवर्षं निसटून जाते. तिच्याबद्दल शेरा येतो तो "स्वप्नाळू आहे", "हुशार आहे पण कष्ट घेत नाही" असा. घरी आई तिच्या शेजारी बसून दप्तर भरते, वेळापत्रक लावते, उत्तरं पाठ करून घेते, त्यामुळं चौथीपर्यंत गुण चांगले येतात. पाचवीला किंवा आठवीला विषय वाढले, शिक्षक वेगळे झाले की एकदम घसरण होते. तेव्हा पालक म्हणतात, "आत्ताच काय झालं हिला?" आत्ता काही झालेलं नसतं, आईचा आधार पुरेनासा झालेला असतो. अशा मुलीची नोंद करताना "मी किती मदत केली" हे लिहायला विसरू नका. मदत काढली तर ती किती करू शकते, यावर निदान ठरतं.

एडीएचडीसारखी दिसणारी आणि आधी तपासायची कारणं बरीच आहेत. मला सगळ्यात जास्त काळजी झोपेची वाटते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री ९ ते १२ तास झोप लागते. साडेसहाला व्हॅन येते म्हणून सहाला उठायचं असेल तर नऊला डोळे मिटले पाहिजेत. आपल्याकडं जेवणंच साडेनऊला होतात. झोप कमी झालेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल मात्र उलट जास्त धिंगाणा घालतं. घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, झोपेत घामानं उशी भिजणं, अंथरुणभर फिरणं ही लक्षणं असतील तर टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडिनॉइड कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. रात्री मुलाच्या झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, तो तोंडी वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

दुसरं, शून्यात बघणं. मन भरकटलेल्या मुलाला खांद्याला हात लावला की ते दचकून परत येतं. अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या, एका प्रकारात मूल बोलता-बोलता किंवा घास हातात असताना ५ ते १५ सेकंद थिजतं, पापण्या फडफडतात, हात लावला तरी प्रतिसाद नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढं सुरू करतं. दिवसातून अनेकदा होऊ शकतं. असं दिसलं तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडं जा. तिथं मुलाला तीन मिनिटं जोरजोरात खोल श्वास घ्यायला लावून बघतात आणि मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढतात. एरवी एडीएचडीच्या निदानासाठी ईईजी किंवा एमआरआय लागत नाही.

बाकीची थोडक्यात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साठून महिनोन्‌महिने कमी ऐकू येतं, "काय? काय?" सुरू होतं, टीव्हीचा आवाज वाढतो. चष्म्याचा नंबर. रक्तक्षय: ५ ते ११ वर्षांत हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. खडू, माती खाण्याची सवय असेल तर नक्की तपासा. थायरॉइड. औषधंही: झटक्यांसाठी दिलं जाणारं फिनोबार्बिटोन आणि दम्याचं साल्ब्युटामॉल यांनी काही मुलं चळवळी होतात, म्हणून चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर न्या. गुळामुळं किंवा साखरेमुळं मूल चंचल होतं, हा समज मात्र सोडून द्या. पालकांना न कळवता साखर आणि बिनसाखरेचं देऊन तपासलेल्या प्रयोगांत वागण्यात फरक आढळलेला नाही. गूळपोळी बंद करून एडीएचडी जात नाही.

दाखवायचं कुणाला? पहिलं पाऊल तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. वजन, उंची, नाडी, रक्तदाब, कान, डोळे हे तिथं होतं. त्यानंतर मुलांचं काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, आणि चाचण्यांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्यांची नोंदणी आहे का ते विचारायला संकोचू नका. खासगी खर्च झेपत नसेल तर टाऊन हॉलजवळचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथल्या बालरोग आणि मानसोपचार बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात करता येते. तालुक्याच्या, वाडीवस्तीच्या पालकांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, फक्त पथकाकडून ते विचारलं जाईलच असं नाही. आधीच मुख्याध्यापकांना सांगून ठेवा की आमच्या मुलाचं हे बघायचंय. पुढं मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवता येतं. नुसतं बोलून सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे.

तिथं काय होतं ते माहीत असलं की फसवणूक टळते. चांगल्या तपासणीत गरोदरपणापासूनची हकिकत विचारतात, दोन्ही पालकांशी बोलतात, मुलाशी एकट्यानं बोलतात आणि प्रश्नावल्या देतात. सहा ते बारा वर्षांसाठी व्हँडरबिल्ट ही प्रश्नावली पुष्कळ वापरली जाते. पालकांची ५५ प्रश्नांची, शिक्षकांची ४३ प्रश्नांची. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण, त्यात २ किंवा ३ मिळालेलीच लक्षणं धरतात. पहिल्या नऊपैकी किंवा पुढच्या नऊपैकी सहा भरली आणि शेवटच्या भागात अभ्यास किंवा नात्यांचं नुकसान दिसलं तर संशय पक्का होतो. भारतीय मुलांसाठी, ६ ते ९ वर्षं या वयाकरता, इनक्लेन या संशोधन संस्थेचं निदान-साधनही आहे. प्रश्न इंग्रजीत असतील तर प्रत्येकाचा अर्थ मराठीत विचारून घ्या. "कधी कधी" आणि "बऱ्याचदा" यातली खूण अंदाजानं केली की निकालच फिरतो. शिक्षकांचा फॉर्म जूनमध्ये भरून घेऊ नका. नव्या बाईंना मुलाची ओळखच झालेली नसते. ऑगस्टपर्यंत थांबा किंवा मागच्या वर्षीच्या बाईंना विचारा. आणि फॉर्म म्हणजे निदान नव्हे, हे स्वतःलाही सांगून ठेवा.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचण्या, मेंदू जागृत करण्याचे वर्ग यांवर एक रुपयाही घालू नका. त्यांना शास्त्राचा आधार नाही. बुद्ध्यांक चाचणी मात्र कामाची आहे. तिच्यातून एडीएचडी कळत नाही, पण मुलाची समज वयाला धरून आहे की नाही ते कळतं आणि त्याच्यावर अवाजवी ओझं टाकलंय का हे दिसतं.

निदान झालंच तर सहा वर्षांच्या आत आधी पालकांचं प्रशिक्षण, सहाच्या पुढं गरजेप्रमाणं औषध आणि वर्तनोपचार दोन्ही, असा क्रम असतो. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध अमली पदार्थ कायद्याखाली येतं, म्हणून तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो, दीर्घ परिणामाची गोळी आठ ते बारा तास. भूक मंदावते, झोप लांबते, म्हणून ती सकाळी नाश्त्यानंतर देतात आणि वजन-उंची नियमित मोजतात. घराण्यात कुणाचा तरुणपणी हृदयानं अचानक मृत्यू झाला असेल तर ते सुरू करण्याआधीच सांगा. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात; आठवड्यात फरक नाही म्हणून बरेच पालक ते बंद करतात, तिथं चूक होते. सवलतींबाबत एक गोष्ट: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळं बोर्डाच्या परीक्षेतला जादा वेळ वगैरे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर मिळतो. म्हणूनही ती चाचणी टाळू नका.

तोवर घरी एवढं करा. गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे, मध्ये पाच मिनिटं उड्या मारू द्या. एका वेळी एकच सूचना. चांगलं केलं की तिथल्या तिथं शाबासकी. "महिनाअखेर सायकल घेऊ" हे या मुलांना फार लांबचं असतं. बाईंना विनंती करून पहिला बाक, खिडकी-दारापासून लांब. आणि शिक्षा म्हणून खेळ बंद करू नका. अभ्यास झाला नाही म्हणून फुटबॉल बंद, तालीम बंद, ही घरोघरची रीत आहे. दिवसभरात या मुलाला ज्या एका जागी आपण चांगले आहोत असं वाटतं ती जागा तुम्ही काढून घेता.

काही गोष्टींत चौदा दिवसांची वही पुरी व्हायची वाट बघायची नाही: न बघता रस्त्यावर धावणं वारंवार होत असेल, आधी येत असलेलं बोलणं-लिहिणं विसरत चाललं असेल, झटके येत असतील, किंवा मूल "मी मेलो तर बरं" असं बोलत असेल, मग ते रागात का असेना. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पहिल्या भेटीला पिशवीत नेण्याच्या वस्तू: चौदा दिवसांची नोंदवही, या वर्षीची मराठी आणि गणिताची वही (नीट केलेली नको, रोजची), बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं, बाईंच्या शेऱ्यांची पानं, झोपेचा व्हिडिओ, चालू औषधांच्या पट्ट्या, आधीचे कान-डोळ्यांचे आणि रक्ताचे अहवाल. शक्य असेल तर मुलाचे वडील आणि सासूबाई दोघांनाही घेऊन जा. त्यांनी बघितलेलं तुमच्या वहीत नसतं.